बाळंतिणीच्या खोलीतील रूढी: काय पाळावे, काय बदलावे, काय थांबवावे

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत महाराष्ट्रात आजही बऱ्याच घरांत पाळली जाते, त्यामुळे नवजात बाळाचा पहिला सव्वा महिना बहुधा आईच्या आईच्या देखरेखीखाली जातो. रुग्णालयातून निघताना हातात पडलेला सूचनांचा कागद एका बाजूला आणि आजीने, पणजीने व न्हाऊ घालणाऱ्या बाईने सांगितलेल्या रीतीभाती दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण सुरू होते, आणि टाक्यांच्या वेदना सोसत, अर्धवट झोपेत दिवस काढणाऱ्या नव्या आईला प्रत्येक गोष्टीवर स्वतंत्र वाद घालण्याचे त्राण उरलेले नसते. अशा घरांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. सर्वच रूढी टाकाऊ ठरवणे अन्यायाचे आहे, आणि सर्वच रूढी पूर्वजांनी विचारपूर्वक घालून दिल्या आहेत असे मानणे बाळाच्या जिवाशी खेळणारे आहे.

निवड करण्यासाठी एक कसोटी फार उपयोगी पडते. बाळाच्या शरीराच्या आत जाणाऱ्या सर्व गोष्टी, म्हणजे तोंडात, नाकात, कानात, डोळ्यांत, बेंबीत आणि श्वासावाटे जे जाते ते, थांबवावे; अपवाद फक्त आईच्या दुधाचा आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा. बाळाच्या शरीरावर बाहेरून जे केले जाते, म्हणजे मालिश, न्हाणे, गुंडाळणे, ते सौम्य करून पाळावे. आणि बाळाभोवतीच्या माणसांनी जे करायचे असते, म्हणजे पूजा, पाळणा, गाणी, गोडधोड, ते मनापासून करावे. या कसोटीचा आणखी एक लाभ असा की ती आजीलाही पटते, कारण तिच्या हातातील सगळीच कामे काढून घेतली जात नाहीत.

चीक आणि मधाचे बोट

बाळ जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस आईला येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. काही घरांत हा चीक "जड" किंवा "साचलेला" समजून पिळून टाकला जातो आणि तोवर बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा गाईचे पातळ केलेले दूध दिले जाते. ही रूढी कोणत्याही स्वरूपात राखू नये. चिकात रोगांशी लढणारी द्रव्ये भरपूर असतात, त्याचे प्रमाण थोडे असते कारण पहिल्या दिवशी बाळाचे पोटही तेवढेच लहान असते, आणि बाळ जितक्या लवकर व जितक्या वेळा ओढते तितके पुढचे दूध चांगले उतरते. जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळाला छातीला लावावे. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल तर आईला कुशीवर वळवून किंवा बाळाला आडवे धरून परिचारिका मदत करू शकतात, आणि तशी मदत मागण्यात संकोच करू नये.

नवजात बाळाला सोन्याच्या अंगठीने मध-तूप चाटवण्याची प्रथा जातकर्म संस्कारातून आलेली आहे आणि तिच्यामागे मोठी श्रद्धा आहे, म्हणून नकार देताना कारण नीट समजावून सांगावे. मधात एका विशिष्ट जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते वाढत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करू शकतात, आणि त्यामुळे बाळाचे स्नायू ढिले पडतात, चोखणे मंदावते, श्वासही अडखळतो. मध शुद्ध आहे की भेसळीचा, रानातला आहे की बाजारातला, याने हा धोका कमी होत नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नको. संस्कार करायचाच असेल तर धुतलेली अंगठी बाळाच्या कपाळाला किंवा पायाला लावून मंत्र म्हणावा.

नाळ

रुग्णालयात चिमटा लावून कापलेली नाळ साधारण एक ते दोन आठवड्यांत वाळून आपोआप गळून पडते. तिच्यावर हळद, राख, तूप, शेण, तेल, कुंकू किंवा पावडर यांपैकी काहीही लावू नये. ती उघडी आणि कोरडी ठेवावी आणि लंगोट नाळेच्या खाली बांधावा. शेण-राखेत धनुर्वाताचे जिवाणू असू शकतात. पूर्वी न उकळलेल्या विळ्याने किंवा पात्याने नाळ कापल्यामुळे आणि तिच्यावर असे काही लावल्यामुळे महाराष्ट्रातील असंख्य बाळे पहिल्या पंधरवड्यात दगावली. गरोदरपणातील धनुर्वाताची लस आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, आणि हे यश टिकवायचे असेल तर नाळेवर काहीही न लावणे हा नियम प्रत्येक घराने पाळला पाहिजे. बेंबीभोवतीची कातडी लाल झाली, पू आला किंवा दुर्गंधी सुटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गळून पडलेला वाळका तुकडा डबीत जपून ठेवण्याची काही घरांत पद्धत असते. तिला कसलीच हरकत नाही.

न्हाऊ-माखू

मराठी घरातील बाळाचे न्हाणे हा पाहण्यासारखा सोहळा असतो. न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून दोन्ही पाय लांब पसरते, लुगडे किंवा गाऊन गुडघ्यापर्यंत सारते आणि बाळाला आपल्या पायांच्या खोबणीत पालथे किंवा उताणे निजवते. शेजारी घंगाळात किंवा बादलीत कोमट पाणी, वाटीत खोबरेल, दुसऱ्या वाटीत डाळीचे पीठ आणि साय. ती आधी पायांकडून सुरुवात करते, तळव्याने मांड्या, पोटऱ्या, मग हात, छाती, पाठ चोळते, उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला लावते, शेवटी तांब्याने पाणी ओतत ओतत बाळाच्या हनुवटीखाली आपला तळवा अशा खुबीने धरते की नाकातोंडात थेंबही जात नाही. हे कौशल्य अनेक वर्षांच्या सरावाने आलेले असते आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. मालिशमुळे बाळाला शांत झोप लागते, त्वचा मऊ राहते, आणि बाळाला रोज कोणीतरी पूर्ण लक्ष देऊन हाताळते, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

तरीही काही बदल आवश्यक आहेत. पहिले न्हाणे जन्मानंतर निदान २४ तासांनी घालावे. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल किंवा बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल, तर डॉक्टर सांगेपर्यंत न्हाऊ न घालता कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने पुसून घ्यावे, कारण अशा बाळाचे अंग फार लवकर गार पडते. न्हाणीघराचे दार-खिडकी बंद ठेवावी, पंखा लावू नये, पाण्याची उष्णता हाताच्या कोपराने तपासावी आणि सगळे काम पाच-सात मिनिटांत उरकावे. गरम पाण्याने अंग "शेकून निघते" ही समजूत घातक आहे. मोठ्या माणसाला सोसणारे पाणी नवजात बाळाची त्वचा भाजू शकते. कामाला लागण्यापूर्वी बाईने बांगड्या-अंगठ्या काढून, नखे कापून, कोपरापर्यंत हात साबणाने धुवावेत, आणि तिला सर्दी-खोकला किंवा हातावर खरूज असेल तर त्या दिवशी सुट्टी द्यावी. ही सुट्टी भरपगारी असावी, म्हणजे ती आजार लपवणार नाही.

तेल खोबरेल असावे. थंडीत काही घरांत तिळाचे तेल वापरतात, तेही चालते. मोहरीच्या तेलाने मात्र नाजूक त्वचेला जळजळ होऊ शकते. डाळीचे पीठ, हळद आणि साय यांचे उटणे पहिल्या महिन्यात टाळावे. अंगावरील लव काढण्यासाठी कणकेचा गोळा फिरवण्याची चाल तर पूर्णपणे सोडून द्यावी, कारण ही लव काही आठवड्यांत आपली आपण गळते आणि गोळ्याने फक्त ओरखडे व पुरळ उरतात.

टाळू भरण्याबद्दल घरोघरी बराच वाद होतो. कपाळाच्या वर हाडे न जुळलेली जी मऊ जागा असते ती धडधडताना दिसते आणि घाबरायला होते; वास्तविक ती धडधड स्वाभाविक आहे आणि ही जागा साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरून येते. तिच्यावर तेलाचे चार थेंब हलक्या बोटांनी लावण्यात काही वावगे नाही. तेलाने ती लवकर भरते असे मात्र नाही. तेल थापून दाबणे, चोळणे, डोके गोल करण्यासाठी दोन्ही तळव्यांनी आवळणे, नाक सरळ व्हावे म्हणून चिमटीत ओढणे, हे सर्व बंद करावे. टाळू आत गेलेली दिसली तर बाळाच्या शरीरातील पाणी कमी झाले असण्याची शक्यता असते, आणि बाळ शांत असतानाही ती फुगलेली दिसली तर तातडीने रुग्णालय गाठावे.

नाकात व कानात तेल सोडण्याची सवय बहुतेक बायांना असते, आणि नेमकी तीच सर्वांत धोक्याची आहे. नाकातील तेल श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांना सूज आणते, कानातील ओलाव्यात बुरशी व जंतू वाढतात. पाय धरून उलटे टांगणे, हात धरून उचलणे, हवेत झेलणे यांनी मानेला आणि सांध्यांना इजा होते. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे: आईच्या संप्रेरकांमुळे पहिल्या काही दिवसांत मुलगा असो वा मुलगी, बाळाची छाती थोडी सुजते आणि कधी त्यातून दुधासारखा थेंब येतो. "गाठी राहतील" म्हणून ती पिळली जाते आणि त्यातून गळू होते. तिला हातही लावू नये, सूज काही आठवड्यांत उतरते. मुलीच्या लंगोटाला पहिल्या आठवड्यात रक्ताचे डाग दिसले तर तेही याच कारणाने असतात.

शेक आणि धुरी

न्हाऊ झाल्यावर शेगडीत निखारे घालून त्यावर ओवा, वेखंड, बाळंतशेपा, लसणाच्या साली, ऊद टाकतात आणि बाळाला त्या धुरावरून फिरवतात. पूर्वीच्या ओलसर, कुडाच्या घरांत, पावसाळ्यात, बाळ उबदार राहावे आणि डास-चिलटे पळावीत हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. तरीही धूर हा बाळाच्या श्वासात जाणारा पदार्थ आहे, म्हणून आपल्या कसोटीनुसार तो नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवणे तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते, कारण अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास.

ऊब मात्र हवीच. न्हाणे होताच बाळाला कोरड्या सुती पंचात टिपून घ्यावे, झबले-टोपडे घालावे आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घ्यावे. कमी वजनाच्या बाळासाठी त्वचेला त्वचा लावून दिवसातून ८ तासांपासून जमेल तितका अधिक वेळ असे ठेवण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते, आणि आई थकली असेल तेव्हा वडील किंवा आजीदेखील बाळाला असे धरू शकतात. शेगडी बंद झाल्यामुळे आजीच्या हातातील गेलेले काम याहून चांगल्या रूपात तिला परत मिळते. धुरी हवीच असेल तर बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असताना रिकाम्या खोलीत ऊद जाळून, खिडक्या उघडून, धूर पूर्ण गेल्यावर त्यांना आत आणावे.

गुटी

पोटफुगी, जुलाब, सर्दी, रडणे, न झोपणे, सर्वांवर एकच उत्तर म्हणून गुटीकडे पाहिले जाते. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, डिकेमाली, बदाम, खारीक असे जिन्नस डबीत एकत्र असतात आणि रोज आईच्या दुधात किंवा उकळलेल्या पाण्यात सहाणेवर प्रत्येकाचे ठरावीक वेढे द्यायचे असतात. कशाचा एक वेढा, कशाचे दोन, बाळ वाढेल तसे वेढे किती वाढवायचे, हे आजीच्या तोंडपाठ असते. या ज्ञानात बारकावा आहे यात शंका नाही. अडचण अशी की वेढा हे माप हाताच्या दाबावर, सहाणेच्या खरखरीतपणावर आणि जिन्नस किती जुना आहे यावर अवलंबून असते, त्यामुळे तीन किलोच्या बाळाच्या पोटात प्रत्यक्षात किती औषध गेले हे कोणालाही सांगता येत नाही. जायफळ जास्त झाले की बाळाला गुंगी येते, आणि "आज छान झोपले" म्हणून घरचे समाधान मानत असताना बाळाचे एक-दोन वेळचे दूध बुडालेले असते.

दुसरा धोका जंतूंचा. सहाण रोज उकळली जात नाही, तिच्या छिद्रांत कालचा ओलावा राहतो, आणि खारीक-बदामाला ओल्या डबीत बुरशी धरते. म्हणजे ज्या जुलाबांवर इलाज म्हणून गुटी द्यायची, त्यांचे बीज अनेकदा त्याच सहाणेवर असते. म्हणून पहिले सहा महिने गुटी, ग्राइप वॉटर, बाळकडू, साखरेचे पाणी आणि साधे पाणीसुद्धा देऊ नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाण्याचा आग्रह फार होतो, पण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. उन्हाळ्यात बाळाला अधिक वेळा पाजावे आणि आईने भरपूर पाणी प्यावे. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी रीतही याच कारणासाठी सोडावी.

बाळाला झोपवण्यासाठी अफूचा कण देण्याची चाल एके काळी कष्टकरी घरांत होती. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया बाळांना अफू घातलेली बाळगोळी देत असत, कारण त्यांच्यामागे बाळाकडे पाहायला कोणी नसे. त्या आयांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आज मात्र घटक न छापलेली कोणतीही "बाळ शांत होण्याची" गोळी किंवा चूर्ण घरात येऊ देऊ नये.

बाळ रडते तेव्हा करायचे काय, हा आजीचा प्रश्न रास्त आहे आणि गुटी थांबवताना त्याचे उत्तर दिले पाहिजे. प्रत्येक पाजणीनंतर बाळाला खांद्यावर घेऊन पाठीवर हळूहळू थोपटून ढेकर काढावी. त्याला उताणे निजवून पाय सायकल चालवल्यासारखे पोटाकडे न्यावेत. नाळ गळून बेंबी पूर्ण कोरडी झाल्यावर बेंबीभोवती हिंगाचा पातळ लेप लावायचा असेल तर तो बाहेरून, थोडा आणि पुरळ येत नाही ना हे पाहून लावता येईल. सायंकाळी ठरावीक वेळी होणारे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते, हे आधीच ठाऊक असले की घर कमी घाबरते. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि पहिल्या आठवड्यात उतरलेले वजन दोन आठवड्यांत जन्मवजनापर्यंत परत आले असेल, तर दूध पुरते आहे.

पोट फुगले म्हणून बाळाच्या पोटावर तापवलेल्या सळीने डागण्याचा प्रकार, ज्याला मेळघाटात डंबा म्हणतात, अजूनही अधूनमधून घडतो. तो उपचार नाही, बाळाला केलेली इजा आहे. असा कोणी सल्ला दिला तर बाळाला तत्काळ आरोग्य केंद्रात न्यावे, कारण डागण्यापर्यंत वेळ आली आहे याचा अर्थ बाळ खरोखर आजारी असण्याचा संभव आहे.

काजळ, तीट आणि दृष्ट

डोळ्यांत काजळ घातल्याने ते मोठे होत नाहीत. बाजारातील काजळ-सुरम्यात शिसे असू शकते, जे बाळाच्या मेंदूला अपायकारक आहे. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ शिशापासून मुक्त असले तरी बोटावरचे जंतू डोळ्यात जातात आणि अश्रुनलिका तुंबते. तीट मात्र लावावी. ती कपाळाच्या कडेला, कानामागे किंवा तळपायाला छोटीशी लावावी, म्हणजे बाळाच्या हाताने पुसली जाऊन डोळ्यांत जाणार नाही.

काळा दोरा गळ्यात बांधू नये. कमरेचा करदोटा आणि मनगट्या सैल असाव्यात, दोन बोटे आत सहज जावीत, आणि बाळ भराभर वाढते म्हणून दर आठवड्याला त्या तपासाव्यात. सुटे मणी ओवलेले काही असेल तर तोंडात जाण्याच्या वयापूर्वी काढून ठेवावे. मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढण्यास हरकत नाही, फक्त मिरच्या घराबाहेर जाळाव्यात. मात्र दृष्ट काढल्यावरही बाळ दूध ओढत नसेल तर "दृष्ट मोठी होती" असे म्हणत दुसरी रात्र घालवू नये.

पाचवी आणि बारसे

पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी श्रद्धा आहे. पाट्या-वरवंट्याची पूजा होते, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा रात्रभर तेवता ठेवतात आणि घरातील बायका जागतात. नवजात धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतो, हे लक्षात घेतले तर या रात्रीविषयी वाटणारे भय कोठून आले असावे याचा अंदाज बांधता येतो. ज्या काळात त्या रात्री बाळ का आखडते हे कोणालाच कळत नव्हते, त्या काळात जागे राहून देवीची विनवणी करणे एवढेच आईच्या हाती होते असे मला वाटते. म्हणून ही पूजा मी टाकायला सांगणार नाही. दिवा मच्छरदाणी व पडद्यांपासून दूर, ताटात ठेवावा, उदबत्ती बाहेरच्या खोलीत लावावी, जागरण इतरांनी करावे आणि बाळंतिणीला झोपू द्यावे. जागणाऱ्यांपैकी एकीने दर दोन-तीन तासांनी बाळ आईजवळ नेऊन पाजण्यास मदत केली, तर त्या जागरणाचे चीज होईल.

बाराव्या दिवसाचे बारसे हा गर्दीचा दिवस. आत्याने कानात कुर्र करून नाव सांगावे, घुगऱ्या वाटाव्यात, गोविंद-गोपाळ म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून द्यावे. देणाऱ्या-घेणाऱ्या दोघींनीही एक हात मानेखाली आणि एक कमरेखाली ठेवावा. दाराशीच साबण-पाण्याची सोय करावी आणि हात धुतल्याखेरीज बाळाला कोणाच्याही हाती देऊ नये. बाळाचे मुके घेऊ नयेत, आणि सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांनी दुरून आशीर्वाद द्यावा. हे सांगण्याचे अवघड काम बाळाच्या वडिलांनी किंवा आजोबांनी अंगावर घ्यावे, बाळंतिणीवर सोडू नये. घर लहान असेल तर बाराव्या दिवशी घरच्यांपुरते नाव ठेवून समारंभ दोन-तीन महिन्यांनी करावा. कान टोचण्याची घाईही करू नये. पहिल्या लसी झाल्यावर, निर्जंतुक सुईने टोचून घ्यावेत. जन्माची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत झाली आहे ना, याची खात्री याच सुमारास करून घ्यावी.

पाळणा बाळ जागे असताना झुलवण्यासाठी उत्तम. झोपवताना बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणेच निजवावे. लुगड्याच्या झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडखळू शकतो. डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी राळ्याची किंवा मोहरीची उशीही नको; त्याऐवजी प्रत्येक वेळी निजवताना डोक्याची दिशा आलटूनपालटून ठेवावी. कुंची आणि दुपट्यात गुंडाळताना हात आत घेतले तरी पाय मांड्यांपाशी सैल राहिले पाहिजेत, कारण पाय सरळ करून आवळल्याने खुब्याचा सांधा निखळू शकतो. जुन्या सुती कपड्यांची दुपटी वापरण्याची रीत मात्र उत्तम आहे; ती धुऊन, कडक उन्हात वाळवून वापरावीत.

सव्वा महिना आणि उंबरा

बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडू नये, परक्याने बाळाला शिवू नये, या नियमांनी आईला विश्रांती मिळते आणि बाळ जंतूंपासून दूर राहते. सोयराच्या दहा दिवसांत येणारी-जाणारी माणसे कमी होतात, हा त्यातील खरा फायदा. मात्र या नियमापायी दवाखाना टळता कामा नये. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढे हीच कल्पना देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी आशाताई घरी येऊन बाळाचे वजन, तापमान व श्वास तपासतात. त्यांना बाहेरच्या समजून दारातून परत पाठवू नये.

पुढील लक्षणे दिसली तर मुहूर्त, सोयर, रात्र-अपरात्र काहीही न पाहता निघावे: बाळाने दूध ओढणे सोडले किंवा मंदावले, अंग ३७.५ अंश सेल्सिअसहून गरम किंवा ३५.५ हून गार झाले, शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजलेला श्वास ६० किंवा त्याहून अधिक भरला, श्वास घेताना छाती आत ओढली गेली, झटके आले, बाळ मलूल पडले, पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसली किंवा नंतर तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला. काविळीसाठी खिडकीतील कोवळे ऊन पुरेसे आहे असे मानून थांबू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा १०२ क्रमांक लावावा, आणि जाताना बाळाला छातीशी उबेत धरून, वाटेत पाजत न्यावे.

सव्वा महिना सरतो आणि लगेच सहा आठवड्यांच्या लसीची वेळ येते, हा योग फार सोयीचा आहे. जन्माच्या वेळची बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी झाली आहे ना, हे कार्डावर पाहावे, आणि बाळाला देवदर्शनाला पहिल्यांदा बाहेर काढायच्या त्याच दिवशी आधी लसीकरण केंद्र गाठावे. देऊळ नंतर, गर्दी नसलेल्या वेळी. टोचलेल्या जागी तेल, हळद, बर्फ काही लावू नये आणि ती चोळू नये. रात्री थोडा ताप येऊ शकतो. त्यासाठीच्या औषधाची मात्रा बाळाच्या वजनानुसार केंद्रावरच लिहून घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशीचे मालिश करताना न्हाऊ घालणाऱ्या बाईला कोणत्या मांडीला हात लावायचा नाही ते आधी सांगून ठेवावे.